एम३४०आयसाठी ऑल-सीझन टायर: जुन्या १९ इंची रिमवरच, की १८ इंची नवीन चाके?

उतारवाट | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ सालची बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी आहे. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि रोज २८७ महामार्गाने मॉरिसटाउनला ये-जा करतो. गाडीला १९ इंची रिम आहेत. पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ मापाचे उन्हाळी रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर आहेत. मागच्या जोडीत आता जेमतेम ३/३२ इंच ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीदार थर, उरला आहे. गेल्या जानेवारीत एका पहाटे उणे आठ अंश तापमानात गाडी बाहेर काढली, तेव्हा पहिल्याच वळणावर चाकांना रबराऐवजी लाकूड लावले आहे की काय, असे वाटले. त्यामुळे या वेळी ऑल-सीझन टायर घ्यायचे, एवढे ठरले आहे.

अडचण पुढची आहे. आहे त्याच रिमवर त्याच मापाचे टायर चढवावेत, की १८ इंची नवीन रिम घेऊन चारही चाके एकाच मापाची करावीत? मी टाउनहाउसमध्ये राहतो आणि गॅरेज एकाच गाडीचे आहे, त्यामुळे हिवाळी चाकांचा दुसरा संच ठेवायला जागा नाही. गाडी ट्रॅकवर नेत नाही. मात्र ३८२ अश्वशक्तीची गाडी घेऊन ती भाजी आणण्यापुरती वापरायची, हेही पटत नाही. अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_यंत्रकार | १४ सप्टेंबर

महाराष्ट्रातल्या एका टायर कारखान्यात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून आधी रबराविषयी थोडे. जानेवारीत तुम्हाला जे जाणवले तो भ्रम नव्हता. उन्हाळी टायरचे मिश्रण गरम आणि कोमट रस्त्यावर लवचिक राहण्यासाठी बनवलेले असते. तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही. फार थंडीत गाडी हलवली तर काही उन्हाळी टायरच्या ट्रेडला चिरा जाऊ शकतात, आणि त्या वॉरंटीत बसत नाहीत. या जोडीवर आता आणखी एक हिवाळा काढू नका.

दुसरी गोष्ट खुणांची. टायरवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले असते ते मुख्यतः ट्रेडच्या खाचांच्या रचनेवरून. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चित्र असेल, तर मात्र त्या टायरने बर्फावरची चाचणी पार केलेली असते. तीही पुढे खेचण्याची चाचणी आहे, थांबण्याची किंवा वळण्याची नव्हे. जाहिरातीत ही बाब कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

मॉन्ट्रियलकर | १४ सप्टेंबर

आमच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत, त्यामुळे ही चर्चा आमच्याकडे होतच नाही. माझे मत स्पष्ट आहे: ऑल-सीझन म्हणजे तिन्ही ऋतूंत बरा आणि चौथ्यात बिचारा. अशा गाडीला दोन संच हवेत. जागा नसेल तर काही टायरवाले मोसमी भाड्याने चाके ठेवून घेतात, त्याची चौकशी करा.

उतारवाट | १५ सप्टेंबर

निवृत्त_यंत्रकार, आभार. तीन शिखरांच्या चिन्हाचा अर्थ मला आजवर उलटाच वाटत होता.

मॉन्ट्रियलकर, तुमचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे. पण आमच्या भागात खरोखर बर्फ साचतो तो हिवाळ्यातले मोजके दिवस, आणि त्या दिवशी मी घरूनच काम करतो. उरलेल्या हिवाळ्यात रस्ता कोरडा किंवा ओला असतो आणि थंड असतो. मला टायर हवा आहे तो या थंड, ओल्या रस्त्यासाठी.

सान्ताक्लारा | १५ सप्टेंबर

आम्ही बारा महिने उन्हाळी टायर वापरतो, त्यामुळे मला येथे बोलण्याचा फारसा अधिकार नाही. तरी एक अनुभव सांगतो. कॅलिफोर्नियात टाहो सरोवराच्या डोंगरी वाटेवर बर्फात चाकांना साखळ्यांची सक्ती असते तेव्हा ‘आर-२’ पातळीला चारही चाकांवर ‘एम+एस’ टायर असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला सूट मिळते. माझी गाडी फोर-व्हील, पण टायर उन्हाळी, त्यामुळे अधिकाऱ्याने वाकून टायरची बाजू वाचली आणि मला नम्रपणे परत पाठवले. मुलांनी डोंगर पाहिला, बर्फ नाही.

कोरोला_पंथी | १५ सप्टेंबर

माझ्या कोरोलाचे टायर अकरा वर्षांचे आहेत, अजून ट्रेड उत्तम आहे आणि मला कोणताही ऋतू कळत नाही.

निवृत्त_यंत्रकार | १५ सप्टेंबर

कोरोला_पंथी, विनोद म्हणून ठीक आहे, पण खरे असेल तर उद्याच बदला. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे पाहा. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेड शिल्लक असला तरी रबर आतून वाळते आणि पोलादी पट्ट्यांची पकड सुटू लागते. ट्रेड कितीही असो, दहा वर्षांनंतर टायर काढून टाकावा, असे मोठे उत्पादकच सांगतात. उतारवाट, नवीन टायर चढवण्याआधी तुम्हीही हे आकडे पाहा. फार काळ गोदामात पडलेला माल स्वस्तात गळ्यात मारला जातो.

डेट्रॉइटची_ताई | १६ सप्टेंबर

मी मिशिगनमध्ये चौदा वर्षे जर्मन गाड्या चालवते आहे, आणि आमचे खड्डे मार्च महिन्यात पाहण्यासारखे असतात. दिवसा वितळलेले पाणी डांबराच्या फटीत शिरते, रात्री गोठून फुगते आणि सकाळी रस्त्याचा तुकडा निघालेला असतो. ३५ प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या भिंतीच्या टायरवर माझ्या तीन रिम वाकल्या आणि एकीला आतल्या कडेला तडा गेला. तो तडा बाहेरून दिसत नव्हता. रोज सकाळी हवा थोडी कमी भरत होती, एवढेच. त्यानंतर १८ इंचांवर आले. गेल्या पाच वर्षांत एकही रिम वाकलेली नाही.

माझे मत १८ इंचांच्या बाजूने आहे. सगळी चाके एकसारखी झाली की पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करता येतात, त्यामुळे झीज सारखी होते. पुढे-मागे वेगळे माप असेल तर ती सोय नाही, आणि मिशेलिनसारखी कंपनी तर मागच्या टायरची मैलांची हमीच निम्म्यावर आणते.

एक सूचना आणि एक तक्रार. सूचना अशी की, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या कुलूपवाल्या बोल्टची किल्ली दुकानातून गाडीत परत आली की नाही, हे निघण्याआधी स्वतः पाहावे. तक्रार अशी की, मी मापे विचारली तरी दुकानदार उत्तर माझ्या नवऱ्याकडे पाहून देतो, आणि माझ्या नवऱ्याला स्टेपनी कुठे असते हेही ठाऊक नाही.

डेट्रॉइटचे_यजमान | १६ सप्टेंबर

या गाडीला स्टेपनी नसतेच, एवढे मला ठाऊक आहे.

रबरी_गणिती | १६ सप्टेंबर

ताईंना अनुमोदन, पण मापे डोळे झाकून बदलू नयेत. २२५/४० आर१९ मध्ये २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिमी. रिमचा व्यास ४८२.६ मिमी, त्यात वर-खाली दोन भिंती मिळवल्या की पूर्ण व्यास ६६२.६ मिमी. मागच्या २५५/३५ आर१९ चा व्यास ६६१.१ मिमी येतो. फरक दीड मिलिमीटरचा, कारण एक्सड्राइव्हच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला) पुढची आणि मागची चाके जवळजवळ सारख्या वेगाने फिरायला हवी असतात.

आता २२५/४५ आर१८ घेतले, तर व्यास ६५९.७ मिमी, म्हणजे मूळच्यापेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही, आणि भिंत १०१ मिमीची. खड्ड्यासाठी ११ मिमी जास्त गादी मिळाली. चारही चाके तंतोतंत सारखी, हे ट्रान्सफर केसच्या दृष्टीने मूळ रचनेपेक्षाही निर्धोक आहे. मात्र पुढे-मागे झिजलेले आणि नवीन टायर मिसळू नका. तेथे हे सगळे गणित वाया जाते.

घाटमाथा | १७ सप्टेंबर

थोडे विषयांतर. मी पुण्यात हीच गाडी चालवतो. २०२१ पासून ती चेन्नईत जोडली जाते. आमच्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, त्यामुळे बारा महिने उन्हाळी टायरच योग्य. आमचा शत्रू म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा आणि रंग न लावलेला गतिरोधक. एका जुलैत ताम्हिणीच्या वाटेवर टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा आला. भिंतीतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि त्याला दुरुस्ती नसते, हे पंक्चरवाल्यानेच समजावले. पंक्चर काढायला घेऊन गेलो होतो; टायर तेथेच सोडून आलो. म्हणून माझेही मत उंच भिंतीलाच.

श्टुटगार्टकर | १७ सप्टेंबर

जर्मनीत हा विषय कायद्याने गुंतागुंतीचा करून ठेवला आहे. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा लोकांचा ठोकताळा आहे. कायदा मात्र तारखा न सांगता हिवाळी रस्त्याची स्थिती असेल तर योग्य टायर हवा, असे म्हणतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी डोंगर-हिमकण चिन्हच चालते. नुसते ‘एम+एस’ आता पुरत नाही. त्यामुळे अमेरिकेतला ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन’ हा चिन्ह नसलेला वर्ग आमच्याकडे हिवाळ्यात जवळपास निरुपयोगी आहे. चाकांचेही तसेच: कागदपत्रांत मान्यता नसलेली रिम लावली तर तपासणीत गाडी नापास होते. तुमच्याकडे कोणीही काहीही लावतो, याचा मला हेवा वाटावा की भीती, हे ठरत नाही.

मॉन्ट्रियलकर | १७ सप्टेंबर

पाहा, जर्मनांनाही तेच सुचले आहे.

रात्रपाळी | १८ सप्टेंबर

मूळ प्रश्नात रन-फ्लॅटचा उल्लेख आहे, पण त्यावर कोणीच बोललेले नाही. रन-फ्लॅट सोडल्यावर गाडी मऊ होते, हे खरे आहे. त्याची जाड भिंत प्रत्येक सांध्याचा धक्का आत पोहोचवते. पण मी साधे टायर लावले आणि दोन महिन्यांत पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या महामार्गावर रात्री दीड वाजता मागचे चाक बसले. स्टेपनी नाही, फोनवर मदतवाला दोन तास म्हणाला आणि साडेतीन तासांनी आला. रन-फ्लॅट असता तर हवा नसतानाही ताशी पन्नास मैलांनी पुढचे गाव गाठता आले असते. कुटुंब घेऊन रात्री प्रवास असेल, तर हा विचार करा.

डेट्रॉइटची_ताई | १८ सप्टेंबर

रात्रपाळी, तुमचा त्रास समजतो, पण खड्ड्याने भिंत फाडली तर रन-फ्लॅटही नेहमी तारून नेतोच, असे नाही. माझ्या डिकीत बारा व्होल्टचा पंप, दोरीची पंक्चर-पेटी, विजेरी आणि जुने हातमोजे असतात. खिळ्याचे पंक्चर मी रस्त्याकडेला वीस मिनिटांत बुजवले आहे. चिकट द्रवाची बाटली मात्र अगदीच नाइलाज झाला तर वापरा. नंतर टायर काढणारा माणूस आतला चिखल पाहून तुम्हाला मनातल्या मनात काय म्हणतो, ते कळते.

रात्रपाळी | १८ सप्टेंबर

पंक्चर-पेटी माझ्याकडेही होती. चाकाच्या उजव्या बाजूला कठडा आणि डाव्या बाजूला अठराचाकी ट्रक जात असताना ती उघडायचे धाडस झाले नाही.

डेट्रॉइटची_ताई | १८ सप्टेंबर

हे मान्य. अशा जागी मीही गाडीतून उतरले नसते.

निवृत्त_यंत्रकार | १९ सप्टेंबर

आता टायरच्या निवडीकडे येऊ. या कामासाठी मला तीन नावे विचारात घेण्याजोगी वाटतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ हा कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर उन्हाळी टायरच्या सर्वांत जवळ जातो. हमी ४५,००० मैलांची. कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लसला ५०,००० मैलांची हमी आहे आणि त्याच्या ट्रेडमध्ये डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरे कोरलेली असतात. झीज होताना आधी एस पुसला जातो, म्हणजे बर्फासाठीची खोली संपली. नंतर डब्ल्यू, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीचीही संपली. तिसरा मिशेलिनचाच क्रॉसक्लायमेट २. त्यावर डोंगर-हिमकण चिन्ह आहे आणि बर्फावर तो बाकी दोघांपेक्षा निश्चित सरस आहे, पण स्टिअरिंगला मिळणारे उत्तर सौम्य असते. तुमच्या गाडीचा कमाल वेग ताशी १५५ मैल, म्हणजे २५० किमी आहे. व्ही दर्जाचा टायर २४० पर्यंतच मोजलेला असतो, त्यामुळे डब्ल्यू किंवा वाय घ्यावा. भारांक दरवाजाच्या चौकटीवरच्या लेबलाशी ताडून पाहा. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो.

ट्रेडवेअरच्या (टायर किती सावकाश झिजतो याच्या) ५४० आणि ५६० अशा आकड्यांवर वाद घालू नका. ती चाचणी कंपनी स्वतःच करते, आणि एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडण्यात फारसा अर्थ नसतो.

श्टुटगार्टकर | १९ सप्टेंबर

क्रॉसक्लायमेट मी बायकोच्या गाडीला लावला आहे. बर्फात अप्रतिम. मात्र त्याचे ट्रेड बाणाच्या टोकासारखे एकाच दिशेचे आहे, त्यामुळे डावीकडचे चाक उजवीकडे नेता येत नाही, आणि वेगात मला किंचित गुणगुण ऐकू येते. तुमची एम३४०आय ज्या मालिकेतली, त्या थ्री सिरीजच्या इंजिनाचा आवाज ऐकायला पैसे मोजले असतील, तर ती गुणगुण आवडणार नाही.

सान्ताक्लारा | १९ सप्टेंबर

टायरवर बीएमडब्ल्यूचा तारा हवाच का? विक्रेता म्हणाला की तारा नसेल तर गाडी बिघडेल.

रबरी_गणिती | १९ सप्टेंबर

तारा म्हणजे बीएमडब्ल्यूने आपल्या गाडीसाठी जुळवून घेतलेली आवृत्ती. पोर्शचे एन आणि मर्सिडीजचे एमओ तसेच. असला तर चांगले. नसला तरी माप, भारांक आणि वेग-दर्जा बरोबर असेल, आणि चारही टायर एकाच जातीचे असतील, तर गाडी बिघडत नाही. बिघडतो तो विक्रेत्याचा नफा.

आता रिम. या पिढीच्या थ्री सिरीजला ५x११२ छिद्रांची रचना, मधल्या छिद्राचा व्यास ६६.५ मिमी आणि एम१४x१.२५ बोल्ट लागतात. बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची आहे. ऑडी आणि फोक्सवागेनची गोल असते, त्यामुळे छिद्रे जुळली तरी त्यांचे बोल्ट चालत नाहीत. ऑफसेट म्हणजे रिम गाडीला टेकते ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे, ते; आकडा मोठा तितके चाक आत जाते. उतारवाट यांनी ८ इंच रुंद, ३० ऑफसेटची रिम घेतली, तर हिशेब असा येतो: मूळ १९ इंची पुढची रिम ८ इंचाची आणि २७ ऑफसेटची आहे, म्हणून नवीन चाक पुढे ३ मिमी आत जाईल. मागची ८.५ इंचाची, ४० ऑफसेटची आहे, म्हणून मागे नवीन चाकाची कडा साडेतीन मिमीच्या आसपास बाहेर येईल. दोन्हींकडे अडचण नाही.

ओतीव रिम स्वस्त आणि जड. ओतल्यावर रोलरने दाबून ताणलेली, म्हणजे फ्लो-फॉर्म्ड, मधली. घडवलेली फोर्ज्ड सर्वांत हलकी, मजबूत आणि महाग. रोजच्या गाडीला मधली पुरते.

उतारवाट | २ नोव्हेंबर

मंडळी, उशीर झाला, पण निर्णय झाला आणि कामही झाले. १८x८, ३० ऑफसेटच्या फ्लो-फॉर्म्ड रिम, त्यावर २२५/४५ आर१८ मापाचे डीडब्ल्यूएस ०६ प्लस. मिशेलिनचा मोह होता. पण अक्षरे पुसली जाण्याची युक्ती माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसासाठीच केलेली दिसते.

सगळे सुरळीत झाले नाही. रिमचे मधले छिद्र ७२.६ मिमीचे निघाले आणि विक्रेत्याने मध्यभाग जुळवणाऱ्या कड्या पाठवल्याच नव्हत्या. दुकानातला मुलगा ‘बोल्टने आपोआप मध्यावर येते’ असे म्हणून चाके लावायला निघाला. रबरी_गणितींचा प्रतिसाद मी छापून नेला होता. तो पाहून दुकानाचा वयस्क मालक हसला आणि आतून त्या मापाच्या चार प्लास्टिकच्या कड्या घेऊन आला. त्याच मुलाने हवेच्या बंदुकीने बोल्ट आवळले होते. घरी येऊन टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराला इशारा देणाऱ्या पान्याने) तपासले, तर १४० न्यूटन-मीटरला पाना एकाही बोल्टवर हललाच नाही, म्हणजे सगळे जास्त आवळलेले. सगळे सैल करून पुन्हा १४० ला लावले, आणि पन्नास मैलांनंतर परत तपासले.

न्हाणीघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये आणून चाके मोजली. मागचे जुने चाक टायरसकट साडेपंचवीस किलो, नवीन वीस. गाडी सिग्नलवरून निघताना हा फरक मला जाणवतो. बायको म्हणते की मला फक्त खर्च जाणवतो आहे. २८७ वरच्या पुलांच्या सांध्यांवर पूर्वी चहाचा कप हातात धरावा लागे, आता तो कपधारकात राहतो. वळणात शिरताना मात्र उन्हाळी टायरची ती तडफ नाही. स्टिअरिंग फिरवल्यानंतर क्षणभर भिंत वाकते आणि मग गाडी वळते. पहिला आठवडा ते खटकले.

मॉन्ट्रियलकर | २ नोव्हेंबर

अभिनंदन. जानेवारीत पुन्हा लिहा.

निवृत्त_यंत्रकार | ३ नोव्हेंबर

कड्यांचे बरे झाले. त्या नसत्या तर साठ-सत्तर मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरले असते आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसला असतात. एक लक्षात ठेवा: दर दहा अंश फॅरनहाइट तापमान उतरले की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. आता भरलेली हवा जानेवारीत कमी पडेल. थंड टायरवर मोजा.

रात्रपाळी | ३ नोव्हेंबर

पंप घेतला का?

उतारवाट | ३ नोव्हेंबर

पंप, पंक्चर-पेटी आणि विजेरी घेतली. हातमोजे जुनेच आहेत.

डेट्रॉइटची_ताई | ३ नोव्हेंबर

आणि कुलूपवाल्या बोल्टची किल्ली?

उतारवाट | ३ नोव्हेंबर

ताई, आत्ता डिकी उघडून पाहिली. नाही. घरी मी टॉर्क तपासला तो प्रत्येक चाकाच्या चार बोल्टांचाच, हे आता ध्यानात येते आहे. पाचवा कुलूपवाला होता आणि त्याचा मला विसर पडला.

उतारवाट | ४ नोव्हेंबर

दुकानात सकाळी फोन केला. किल्ली त्यांच्या हवेच्या बंदुकीच्या टोकालाच अडकलेली होती. शनिवारी आणायला जातो. पाना बरोबर नेणार आहे.